गिऱ्हाईक म्हणजे गनीम नव्हे

दसरा आटोपला की आमच्या कुरवंड्यात घरोघर एकच धांदल उडते. चार महिने पावसाने झोडपलेल्या घरांची दारे सताड उघडतात, बुरशी धरलेल्या गाद्या उन्हात पडतात आणि माळ्यावरचे जुनेपाने सामान अंगणात उतरते. पूर्वी यातले कापडचोपड बोहारणीच्या वाट्याला जाई आणि लोखंड भंगारवाल्याच्या. आता घरातले पोर खिशातून मोबाईल काढते, कपाटाचे दोन फोटो टिपते, खाली 'उत्तम स्थितीत, फारसे न वापरलेले' असे चार शब्द लिहिते, आणि दिवेलागण व्हायच्या आत फोन खणखणू लागतात.

या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. वस्तू माळ्यावर सडण्यापेक्षा कोणाच्या तरी संसाराला लागलेली केव्हाही बरी. माझे भांडण आहे ते त्या चार शब्दांशी. गंज चढलेल्या, पोचा आलेल्या, टवका उडालेल्या इतक्या वस्तूंखाली मी हे शब्द वाचले आहेत, की आता 'उत्तम' म्हटले की मी आधी वस्तूची मागची बाजू पाहतो.

वाचकहो, दुसऱ्यांवर तोंड टाकण्याआधी सांगून टाकतो, की या प्रकरणातला पहिला गुन्हेगार मीच आहे. तीन वर्षांपूर्वी मी घरातले लोखंडी कपाट असेच विकले. त्याला मागच्या बाजूस, तळाशी, तळहाताएवढा गंज चढला होता. मी तो झाकला नाही, त्यावर रंगही फासला नाही. फक्त फोटो समोरून काढला. पवनेच्या खोऱ्यातले एक गृहस्थ टेंपो भाड्याने घेऊन आले. मुलीचे लग्न ठरले होते. तिला आंदण द्यायचे होते. कपाट उचलताना त्यांचा हात नेमका त्या जागी गेला. त्यांनी बोटाला लागलेली तांबूस भुकटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी घाईघाईने तीनशे रुपये परत देऊ केले. ते त्यांनी घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, फोनवर सांगितलं असतं तरी मी आलो असतो. फक्त येताना रंगाचा डबा घेऊन आलो असतो."

टेंपो गेला. मी अंगणात उभाच होतो. खोटे असे एक अक्षरही मी बोललो नव्हतो. तरी वर्गात 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहिताना त्यानंतर पुष्कळ दिवस माझा हात अडखळत असे.

तेव्हापासून या बाबतीतल्या साऱ्या सबबी मी पारखून पाहिल्या आहेत, कारण त्या साऱ्या मी स्वतःच वापरून झालो होतो.

पहिली सबब: 'त्याने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही.' या सबबीला कायद्याचाही थोडा टेकू आहे. १८७२ सालच्या आपल्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात एका घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालक तो लिलावात विकतो आणि गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. परंतु गंमत पुढेच आहे. घेणारी जर त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की 'तुम्ही नाही म्हणत नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजतो', तर तेव्हाचे मौन म्हणजे बोलणेच! म्हणजे गप्प कोणाशी बसावे आणि कोणाशी बसू नये, हे कायद्यालाही कळते. शिवाय ज्याने खाली 'उत्तम स्थितीत' असे लिहिले, तो गप्प कुठे बसला? तो तर बोलून चुकला. घरजमिनीच्या बाबतीत १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा विकणाऱ्याला अधिक बोलके करतो. जो मोठा दोष मालकाला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळण्यासारखा नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. घर विकताना बोलके व्हायचे आणि कपाट विकताना मुके, ही कुठली नीती?

दुसरी सबब: 'जुने म्हटल्यावर दोष आलेच.' आले ना! पण कोणते? म्हातारा म्हटला म्हणजे त्याला कमी ऐकू येते की कमी दिसते, हे काही कळत नाही. 'जुने' हा शब्द वय सांगतो, व्याधी सांगत नाही.

तिसरी सबब सर्वांत लाडकी: 'दोष अगदीच किरकोळ आहे हो!' माझा साधा सवाल आहे. किरकोळ आहे, तर सांगायला जड का जाते? आणि किरकोळ हे ठरवायचे कोणी? कपाच्या कानाजवळचा टवका किरकोळच. चहा काही त्यातून सांडत नाही. पण तेवढाच पोचा प्रेशर कुकरच्या काठाला असला, तर झाकण नीट बसत नाही, वाफ बाहेर जाते आणि डाळ शिजत नाही. दोष नखाएवढा आहे हे विकणाऱ्याने जरूर सांगावे. तो किरकोळ आहे की नाही, हे ज्याला त्या कुकरात डाळ शिजवायची आहे त्याला ठरवू द्यावे.

चौथी सबब व्यवहाराची: 'खरे सांगितले तर किंमत पडते.' होय, पडते. पण लपवल्याने ती अधिक पडते, आणि ती सगळ्यांचीच पडते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते याच धर्तीच्या कामासाठी. त्याचे म्हणणे आपल्या भाषेत असे. समजा, चांगल्या शिलाई यंत्राची किंमत चार हजार आणि बिघडलेल्याची दोन हजार. घेणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून तो मधले तीन हजार देऊ करतो. चांगले यंत्र विकणारी बाई म्हणते, 'एवढ्यात नाही परवडत,' आणि ती यंत्र घरातच ठेवते. मग बाजारात उरतात ती बहुतेक बिघडलेलीच. घेणाराही शहाणा होतो आणि भाव आणखी खाली ओढतो. म्हणजे मी कपाटाचा गंज लपवतो तेव्हा त्या गृहस्थांच्याच नव्हे, तर ज्या बाईला मी कधी पाहिलेही नाही तिच्याही पदराला चाट लावतो.

आणि आता शेवटची सबब. ती कोणी उघड बोलत नाही, पण मनात सर्वांच्या असते: 'कसा गुंडाळला!' या हुशारीला काहीजण मोठ्या अभिमानाने गनिमी कावा म्हणतात. त्यांना मी आमच्या गावचा इतिहास सांगतो. शाइस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान याच कुरवंडे घाटाने, नागफणीच्या बाजूने खाली उतरला. ती वाट किती अरुंद आहे, पुढे रान किती दाट आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला असा कोंडला, की सामानसुमान टाकून आणि खंडणी भरून त्याला जीव वाचवावा लागला. वाटेचे दोष न सांगण्यात तेव्हा पराक्रम होता, कारण उतरणारा स्वराज्यावर चालून आला होता. पण मुलीसाठी कपाट न्यायला आलेला बाप कोणावर चालून आलेला असतो? गनिमी कावा गनिमाशी करायचा असतो. गिऱ्हाइकाशी केला की त्याचे नाव फसवणूक.

कोणी म्हणेल, मग काय वस्तूच्या प्रत्येक ओरखड्याचे रडगाणे गात बसायचे? मुळीच नाही. जो दोष वापराच्या आड येतो, जो फोटोत दिसत नाही, आणि जो ठाऊक असता तर आपण स्वतः भाव कमी मागितला असता, असे तीनच सांगावेत. पण ते नेमके सांगावेत. 'थोडेसे खराब' असे नव्हे, तर 'उजव्या दारावर बोटभर चरा'. दोषाचा फोटो दिवसाउजेडी, जवळून काढावा. दुरुस्ती केली असेल तर तीही सांगावी.

माझ्या आजोबांनी एकदा शेजारगावी बैल विकला. तेव्हा ते घेणाऱ्याला म्हणाले होते, "डावीकडं जुंपा. उजवीकडं जुंपलात तर बसतोय." लहानपणी मला वाटले, आजोबांनी बैलाची बदनामी केली. आज कळते, की त्यांनी बैल कसा वापरावा ते सांगितले. दोष आधी कळला की त्याची तजवीज करता येते. मागाहून कळला की उरतो तो केवळ मनस्ताप.

यंदा दसऱ्यानंतर मी माझे लिहिण्याचे मेज विकायला काढले. जाहिरात लेकाकडून लिहवून घेतली: 'सागवानी मेज, बारा वर्षे वापरलेले. मागचा डावा पाय अर्धा बोट आखूड, त्यामुळे डुगडुगते. खणाचे कुलूप लागत नाही. वर शाईचा डाग आहे, तो निघत नाही.' लेक म्हणाला, "बाबा, असं लिहिलं तर कोण येणार?" दोघांनी फोन केले आणि नको म्हणाले. मला जरा खट्टू वाटले, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी एक तरुण आला. त्याने मेजाभोवती फेरी मारली नाही, वाकून खाली पाहिले नाही, भावातही घासाघीस केली नाही. नुसता हसला आणि त्याने खिशातून लाकडाची एक पाचर काढली. ती तो घरूनच तासून घेऊन आला होता.