बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा



कापूस-ज्वारीच्या जोडीला लावलेला झेंडू दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरच्या फुलबाजाराकडे निघतो. जुनी पिकअप दिवसा कुरकुर करीत नाही. अंधारात दिवे पिवळे पडतात, आणि परळला चहासाठी बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. सकाळचा भाव गेला की फूल म्हणजे कचरा.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जुन्या पंपाचे इंजिन बॅटरी उतरत असतानाही धावते, म्हणून दोष झाकून राहतो. साठ वॅटचे दोन हेडलाइटच दहा अँपिअर ओढतात.

मग घाईत नवी बॅटरी गळ्यात पडते. दोन दिवसांत तीही उतरते. पिवळ्या कपाशीला मूळ न तपासता युरिया टाकण्यातलाच हा प्रकार!

मीटर लावा. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 हवेत. आकडा चढत नसेल तर आधी पट्टा दाबून पाहा, बॅटरीची टोके घासा. दिवे लावून बॅटरीचे ऋण टोक आणि अल्टरनेटरचे अंग यांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंग खराब. बऱ्याच जुन्या गाड्यांत चार्जिंगच्या दिव्यातूनच अल्टरनेटरला पहिला प्रवाह मिळतो. चावी फिरवून तो लागला नाही तर आधी बल्ब बदला.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'बघणाऱ्या' मिस्त्रीला मात्र हात लावू देऊ नका, डायोड जळतात.

एवढ्यावरही आकडा हलला नाही तरच अल्टरनेटर खोला. बहुधा कार्बन ब्रश झिजलेले निघतील. गिरगावालगत ऑपेरा हाऊसला सुटे भाग मिळतात.