वणवा कुणाच्या हद्दीतला?

होळीच्या आसपास पाटण, जावळी, शिराळ्याचे डोंगर पेटू लागतात. पावसात गवत चांगलं फुटावं म्हणून मालकी पडात ओढलेली काडी वाऱ्यासरशी राखीव जंगलात शिरते. जाळरेषा काढणं वनखात्याकडं, गायरान ग्रामपंचायतीकडं, आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकाऱ्यांकडं. आग मात्र सातबारा बघत नाही. १९२७च्या वन कायद्याचं ७९वं कलम जंगलात हक्क असणाऱ्यांवरही आग विझवायला मदत करण्याची जबाबदारी टाकतं. हे किती गावांना ठाऊक आहे? ओल्या डहाळ्यांनी जाळ झोडपायला आधी धावतात ती गावचीच पोरं. म्हणून हा अंक आम्ही त्यांच्या बाजूनं मांडला आहे. साधनं आणि निधी त्यांच्यापर्यंत पोचलाच पाहिजे, असं आम्हाला वाटतं. तुमच्या शिवारात वणवा कोण विझवतं, जरूर कळवा.