विमा आहे, पण कोणाचा?

टपाल खात्यातील आपल्या बांधवांना विमा नवा नाही. १८८४ सालापासून चालत आलेला डाक जीवन विमा त्यांनी स्वतः घेतला, आणि १९९५ पासून ग्रामीण डाक जीवन विमा खेडोपाडी नेऊन पोहोचवला. त्या विम्यात कागदावर लिहिलेली रक्कम मुदतीला हातात पडते. मोटारीचा विमा उतरवताना कामगाराच्या मनात हाच हिशेब असतो, आणि तेथेच त्याची फसगत होते. मोटारीच्या पॉलिसीवरचा आकडा ही केवळ कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात काय मिळणार हे आतल्या पानांवरच्या बारीक अक्षरांत ठरलेले असते.

हा विषय आता चैनीचा राहिलेला नाही. बेंगळुरूला नोकरीनिमित्त गेलेल्या कर्मचाऱ्याला शहरातले भाडे परवडत नाही. तो होसूर रस्त्याने दक्षिणेकडे सरकतो आणि आनेकल तालुक्यात, चंदापूर-अत्तिबेलेच्या बाजूला बिऱ्हाड करतो. आनेकल रोड नावाचे स्टेशन आहे, पण पहाटेच्या आणि रात्रीच्या ड्यूटीला गाडीची वेळ दर वेळी जुळतेच असे नाही. मग सोसायटीचे कर्ज काढून जुनी मोटार घेतली जाते आणि त्याच मोटारीतून चार सहकारी कामावर निघतात. कर्जत-कल्याणला किंवा नागपूरला याहून वेगळे चित्र नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ विमा सक्तीचा करते, परंतु ही सक्ती तिऱ्हाइतासाठी आहे. तुमच्या मोटारीने पादचारी किंवा सायकलस्वार जखमी झाला, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून. हेतू योग्यच आहे, कारण रस्त्यावर पायी चालणारा बहुधा श्रमिकच असतो. पण नुसती ही स्वस्त 'थर्ड पार्टी' पॉलिसी असेल, तर स्वतःची मोटार चेपली, जळली वा चोरीला गेली तरी एक पैसाही मिळत नाही. त्याहून गंभीर बाब सहप्रवाशांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या एका निकालात भेद स्पष्ट केला: केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत खाजगी मोटारीतील सहप्रवासी येत नाहीत, सर्वसमावेशक पॉलिसीत येतात. म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला संरक्षण आहे, आणि शेजारच्या सीटवर बसलेला आपला सहकारी उघड्यावर!

ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, तोही पुरता फुल नसतो. प्रचलित पॉलिसीत प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. ५ ते १० वर्षांच्या मोटारीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये मालकाचेच. समजा, सहा वर्षे जुन्या मोटारीचा ८,००० रुपयांचा बंपर आणि १०,००० रुपयांचे पत्र्याचे भाग बदलले. पहिल्याचे ४,०००, दुसऱ्याचे ६,०००, त्यातून १,००० वजा. १८,००० च्या बिलावर हाती ९,००० रुपये.

पावसाचा धडा तर ताजा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर आणि आनेकल तालुक्यातील सर्जापूरकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला, असंख्य मोटारी बुडाल्या. पूर हे संकट सर्वसमावेशक पॉलिसीत मोडते. पण पाणी शिरलेल्या इंजिनाला कोणी स्टार्टर मारला आणि ते निकामी झाले, तर कंपनी त्याला पुराचे नुकसान मानत नाही, 'परिणामी नुकसान' ठरवून क्लेम नाकारते. त्यासाठी वेगळा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. म्हणून बुडालेली मोटार मुळीच सुरू करू नये. फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि टोचन लावूनच ती गॅरेजला न्यावी.

जुनी मोटार घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आर.सी. बुकावर नाव चढले म्हणजे विमाही आपला झाला, असे नाही. तिऱ्हाइताचा भाग नव्या मालकाकडे आपोआप येतो. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा भाग कंपनीकडे अर्ज करून नावावर करून घेतल्याशिवाय येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हे सांगितले आहे. कायद्याने या अर्जाला १४ दिवसांची मुदत दिली आहे. तसेच मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा हा नोंदणीकृत मालकाचा आणि तो परवानाधारक असेल तरच. मोटार भाऊ चालवत असेल, तर तो भावाला लागू नाही.

१ जानेवारी १९७३ रोजी सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते विमा नफ्यासाठी नसून संरक्षणासाठी असावा म्हणून. २००७ पासून मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांवर सोडण्यात आले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने सरकारी कंपन्यांतील ५१ टक्के सरकारी मालकीची अटही काढली. आता मूळ पॉलिसीत असायला हवे ते सुटे करून 'ॲड-ऑन' म्हणून विकले जाते. आमची मागणी साधी आहे: पॉलिसीत काय मिळणार नाही, हे पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, विमेदाराच्या भाषेत छापा.

तोवर आपली जबाबदारी आपण उचलू या. नूतनीकरणाच्या महिन्यात सभासदांनी आपली पॉलिसी शाखा कार्यालयात आणावी आणि जाणत्या सहकाऱ्याबरोबर बसून वाचावी. कंपनीने लेखी तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकिलाची गरज नाही. मुंबई, पुणे आणि बेंगळुरू येथे त्यांची कार्यालये आहेत. पगाराची पावती आपण ओळ न् ओळ तपासतो. विम्याचा कागदही त्याच नजरेने तपासला पाहिजे, कारण त्याचा हप्ता त्याच पगारातून जातो.