निळ्या माणसाचं घड्याळ

शनिवारी पुण्याहून भिवंडीला घरी जाताना रांजणोली नाक्यावर तब्बल सव्वा तास अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी गोडाऊनला निघालेले टेम्पो. मोबाईलची बॅटरी ९ टक्के. बॅगेत 'वॉचमेन' होतं, ते काढलं आणि नेहमीप्रमाणे थेट चौथा अंक उघडला.

हे पुस्तक मी २००६ मध्ये, नोकरीच्या पहिल्या वर्षात घेतलं. तेव्हा आईने नाव वाचून विचारलं होतं, "वॉचमनवर एवढं जाडजूड पुस्तक?" तर बिल्डिंगच्या गेटवर डुलक्या काढणाऱ्या वॉचमनचा इथे काही संबंध नाही. ॲलन मूरने लिहिलेली आणि डेव्ह गिबन्सने चितारलेली ही सुपरहिरोंची मालिका डीसीने १९८६-८७ मध्ये १२ अंकांत काढली. बाकीचे अंकही झकास आहेत. पण मला विचाराल तर नुसता चौथा अंक वाचलात तरी पैसे वसूल.

गोष्ट तशी साधी. जॉन ऑस्टरमन हा घड्याळजीचा मुलगा. १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी वाचून वडील ठरवतात की घड्याळांचे दिवस संपले, पोराने अणुविज्ञान शिकावं. जॉन ज्या घड्याळाचे सुटे भाग मांडून बसलेला असतो, ते उचलून ते सरळ बाहेर फेकून देतात. पुढे १९५९ मध्ये जॉनच्या मैत्रिणीचं घड्याळ मनगटावरून पडतं आणि कुणाच्या तरी पायाखाली येतं. दुरुस्त करून देतो, म्हणतो जॉन. महिन्याभराने तेच घड्याळ कोटाच्या खिशात राहिलं म्हणून तो प्रयोगाच्या खोलीत परत जातो, दार आपोआप लागतं, आणि खेळ खल्लास. काही महिन्यांनी परत येतो तो निळा, जवळजवळ सर्वशक्तिमान असा डॉक्टर मॅनहॅटन होऊन.

पण मूर ती अशी सांगत नाही. अंक सुरू होतो १९८५ मध्ये, मंगळावर. त्याच्या हातात एक जुना फोटो आहे आणि बारा सेकंदांनी तो वाळूत पडणार आहे. एका चौकटीत फोटो हातात, पुढच्या एकीत वाळूत पडलेला, मग पुन्हा हातात. कारण जॉनसाठी काळ वाहतच नाही. १९४५, १९५९, १९८५, सगळं 'आत्ता' चाललंय. आपण लॉग फाईल एकेक ओळ वाचत खाली जातो. याच्यासमोर अख्खी फाईल उघडी आहे, फक्त रीड-ओन्ली.

आणि हे कॉमिकमध्येच शक्य आहे, बॉस. पान उलटलं की सगळ्या चौकटी एकदम डोळ्यांत शिरतात. शेवटच्या चौकटीत काय होणार ते पहिली वाचतानाच कोपऱ्यातून दिसत असतं. म्हणजे पान बघणारे आपण थोडा वेळ डॉक्टर मॅनहॅटनच असतो. २००९ च्या सिनेमात हा भाग देखणा जमलाय, फिलिप ग्लासचं संगीत वगैरे, पण सिनेमा तुम्हाला एकाच दिशेने ओढत नेतो. बोट ठेवून मागे जाता येत नाही.

इतकं कौतुक केल्यावर आता तक्रार. याच अंकात केनेडींचा खून होतो. जॉनला तो आधीपासून माहीत असतो. मैत्रीण विचारते, मग काही केलं का नाहीस? तो शांतपणे सांगतो की भविष्य थांबवता येत नाही, माझ्यासाठी ते घडतच आहे. विशीत मला हे उत्तर भयंकर खोल वाटायचं. आता वाटतं, च्यायला, ही तर सर्क्युलर डिपेंडन्सी आहे! तू काही करत नाहीस कारण ते घडणार आहे, आणि ते घडणार आहे कारण तू काही करत नाहीस. असा कोड रिव्ह्यूला आला तर मी परत पाठवेन.

नारळीकरांच्या गंगाधरपंतांची गोष्ट आठवत असेल. त्यांना मराठे पानिपत जिंकलेत असा इतिहास बघायला मिळतो. निकाल वेगळा लागू शकला असता, ही त्या कथेतली जान. जॉनच्या जगात 'असता' हा शब्दच नाही.

हे मला इतकं टोचतं, कारण मी भिवंडीचा आहे. इथे १९७० मध्ये दंगल झाली, तिच्यावर न्यायमूर्ती मदन आयोग बसला. १९८४ मध्ये पुन्हा झाली, तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. त्यामुळे डिसेंबर १९९२ मध्ये, मुंबई पेटल्यावर, भिवंडीत पुढे काय होणार हे समजायला कुणाला निळं व्हायची गरज नव्हती. सगळ्यांना 'माहीत' होतं. आईने कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. लूमची खडखड बंद पडली की रस्ता किती शांत होतो, ते मला तेव्हा कळलं.

आणि काहीच झालं नाही. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे ९०० माणसं गेली, भिवंडी शांत राहिली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसायचे. बाबा आमच्या भागातल्या कमिटीत होते. लूमच्या कारखान्यात दिवसभर हिशेब लिहून आले की तिकडे जायचे. मी विचारायचो, काय बोलता तिथे? म्हणायचे, "गटार." कधी गटार, कधी नळाचं भांडण, कधी लाऊडस्पीकर. चार वर्षं गटारावर बोललेली माणसं त्या डिसेंबरात रात्री गल्लीच्या तोंडाशी एकत्र खुर्च्या टाकून बसली होती.

कमिट्यांमुळेच सगळं टळलं असा दावा मी करणार नाही. शहर आहे, शंभर कारणं असतात. पण माझ्या मते जॉनला हेच दिसत नाही. त्याला गोळी दिसते, बॉम्ब दिसतो, फोटो वाळूत पडताना दिसतो. गटाराची मीटिंग दिसत नाही, कारण तिच्यात दिसण्यासारखं काही नसतंच.

घरी पोचल्यावर बाबांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "चित्रं चांगली आहेत. चौकटी अगदी मापात." आईने मात्र मंगळावरचं पान उघडून बराच वेळ बघितलं.

"अरे, याला कपडे का नाहीत?"

"त्याला आता गरज वाटत नाही गं."

"आणि घड्याळ? दिलं का शेवटी त्या मुलीला?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. पुस्तक तिच्याकडेच ठेवून आलोय. पुढच्या शनिवारी बघतो, रांजणोलीने सोडलं तर.