गोर, रोम आणि राष्ट्र : अस्मितेचा एक नैतिक प्रश्न

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असल्यामुळे रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातूनही भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. बंजारा समाजाविषयीच्या भाषणांतून व लेखनातून एक विधान वारंवार ऐकू येते : युरोपातील रोमा लोक हे बंजाऱ्यांचेच भाऊबंद होत. हे विधान कितपत खरे आहे, हा भाषाविज्ञानाचा प्रश्न आहे. ते खरे असले किंवा नसले, तरी आपले त्यांच्याप्रती कर्तव्य काय, हा नीतीचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विचारात हे दोन प्रश्न अनेकदा एकमेकांत मिसळले जातात. ते वेगळे ठेवावेत, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

भाषेची साक्ष

रोमा लोकांची रोमानी ही भाषा भारतीय आर्य कुळातील आहे, हे जर्मन अभ्यासक रूडिगर यांनी १७८२ मध्येच दाखवून दिले होते. रोमानीत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख' आणि माणसाला 'मनुश' म्हणतात. मराठी वाचकाला यासाठी कोशाची गरज पडणार नाही. मराठी 'तीन'मध्ये लोपलेला संस्कृत 'त्र' रोमानी 'त्रिन'मध्ये टिकून आहे. सात, आठ आणि नऊ यांसाठी मात्र रोमानीत ग्रीक शब्द आहेत, आणि रस्त्यासाठीचा 'द्रोम' हाही ग्रीकच. म्हणजे या भाषेत मूळ जेवढे जपलेले आहे, तेवढीच वाटही जपलेली आहे.

आता गोरबोलीकडे पाहू. बंजाऱ्यांच्या या भाषेची जवळीक राजस्थानी व गुजराती भाषांशी आहे. मुघल फौजांच्या दक्षिणेकडील मोहिमांना बैलांच्या तांड्यांवरून धान्य पुरवणारे बंजारे दख्खनमध्ये स्थिरावले, ते गेल्या काही शतकांत. रोमांच्या पूर्वजांनी भारत सोडला, त्याला सुमारे हजार वर्षे झाली. सारांश, गोरबोली आणि रोमानी या सख्ख्या बहिणी नव्हेत. एकाच मोठ्या कुळातील त्या दूरच्या नातलग आहेत, आणि तसे नाते रोमानीचे मराठीशीही आहेच.

परंतु एक साम्य लक्षणीय आहे. बंजारा माणूस स्वतःला 'गोर' म्हणतो आणि समाजाबाहेरच्याला 'कोर'. रोमा माणूस स्वतःला 'रोम' म्हणतो आणि बाहेरच्याला 'गाजो'. या शब्दांची व्युत्पत्ती एक नाही, त्यामागील अनुभव मात्र एकाच जातीचा आहे. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले जाते, तो समाज 'आपण' आणि 'ते' यांच्यातील रेषा शब्दांनी आखून घेतो.

सिद्धान्त आणि त्याच्या मर्यादा

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात दीर्घकाळ वास्तववादाचे वर्चस्व होते. हान्स मॉर्गेन्थाऊ यांच्या १९४८ च्या 'पॉलिटिक्स अमंग नेशन्स' या ग्रंथाने या विचाराला रूप दिले. सत्तेच्या परिभाषेत मांडलेले हित हे राज्यांच्या वर्तनाचे सूत्र होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढे अलेक्झांडर वेण्ट यांच्यासारख्या रचनावाद्यांनी त्यापूर्वीचा प्रश्न विचारला : हित ठरते कशावरून? ब्रिटनजवळची पाचशे अण्वस्त्रे अमेरिकेला भयावह वाटत नाहीत, उत्तर कोरियाजवळची पाच मात्र वाटतात, हे वेण्ट यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. शस्त्राचा अर्थ नात्यावरून ठरतो आणि नाते परस्परव्यवहारातून घडते. अस्मिता ही जन्मतः मिळालेली, न बदलणारी वस्तू नव्हे, हा या विचाराचा गाभा आहे.

याचा पुरावा आपल्याकडेच आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये, कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये आणि तेलंगणात अनुसूचित जमातींमध्ये गणला जातो. पोहरादेवीच्या यात्रेत एकाच रांगेत उभ्या असलेल्या तीन भाविकांची भाषा एक, दैवत एक, आणि शासनदरबारी ओळख मात्र तीन प्रकारची! अस्मिता घडवण्यात राज्यसंस्थेचा हात किती मोठा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

तथापि वास्तववादी काय आणि वेण्ट काय, दोघांच्याही मांडणीत मुख्य पात्र राज्य हेच आहे. ज्यांना राज्यच नाही, त्यांचे काय? नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या रोमांची संख्या दोन ते पाच लाखांच्या दरम्यान मानली जाते. हा वंशसंहार होता, हे पश्चिम जर्मनीने अधिकृतपणे मान्य केले १९८२ साली, म्हणजे युद्ध संपल्यानंतर ३७ वर्षांनी. रोमांच्या बाजूने बोलणारे राज्य जगाच्या नकाशावर नव्हते, हे या विलंबाचे एकमेव कारण नसेल, पण ते नगण्यही नाही. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमानी परिषद भरली आणि निळ्या-हिरव्या ध्वजावर लाल चक्र आले. २००० साली प्राग येथील परिषदेने आपण भूमीविना राष्ट्र आहोत, अशी घोषणा केली. सिद्धान्ताला अद्याप नीट पेलता न आलेली ही घोषणा आहे.

नाते आणि कर्तव्य

भारताने रोमांविषयी आपुलकी दाखवली आहे. चंदीगढ येथे १९७६ आणि १९८३ साली रोमा महोत्सव झाले. २०१६ मध्ये दिल्लीतील आंतरराष्ट्रीय परिषदेत तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हटले. ही भावना सुखद आहे. परंतु कर्तव्याचा पाया म्हणून ती अपुरी आहे, असे माझे मत आहे. त्याची दोन कारणे सांगतो.

पहिले असे, की उगमाचा दाखला दुधारी असतो. जो दाखला येथे आपलेपणाचा ठरतो, तोच युरोपातील द्वेष्ट्याच्या हाती परकेपणाचा पुरावा होतो. शतकानुशतके जेथे राहिले, तेथील समान नागरिकत्व हा रोमांचा खरा हक्क आहे, आणि त्यासाठी भारतीय मूळ सिद्ध करण्याची गरज नसावी.

दुसरे कारण आपल्या घरचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाले, पण संशयाची नजर आजही पूर्णपणे गेलेली नाही. गोरबोली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. तांड्यावरचे मूल शाळेत येते, तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी परक्या भाषेला सामोरे जावे लागते. सातासमुद्रापलीकडच्या लेकरांना साद घालताना उंबरठ्यावरच्या लेकराची भाषा ऐकू येत नसेल, तर ती साद शोभेची ठरते.

यावर एक आक्षेप घेता येईल : रक्ताचे नाते नाकारले, तर एकजूट उभी राहणार कशावर? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका पत्रव्यवहारात सापडते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या जाणाऱ्या निवेदनाविषयी त्यांना जाणून घ्यायचे होते. या दोघांमध्ये वंशाचे नाते नव्हते. नाते होते ते परिस्थितीच्या साम्याचे, आणि ते पुरेसे होते. गोर आणि रोम यांच्यातील नातेही याच जातीचे मानावे. कुळाचा धागा क्षीण असला, तरी सोसण्याचा आणि स्वाभिमानाचा धागा बळकट आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण शेती, नोकरी, संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात, आणि काहींच्या घरी गोरबोली बोलली जात असेल. अस्मितेचा अभ्यास करताना 'आम्ही मूळचे कोण?' या प्रश्नावर थांबू नका. 'आम्ही कोणाला कोर म्हणतो, आम्हांला कोण कोर म्हणते, आणि त्या शब्दाच्या पलीकडच्या माणसाचे आम्ही काय देणे लागतो?' हेही विचारा. आंतरराष्ट्रीय नीतीचा आरंभ दूतावासात होत असेल. तिची कसोटी मात्र गाव आणि तांडा यांच्यामधल्या वाटेवर लागते.