रात्रगस्तीनंतरची झोप

पोलिसांच्या निद्रानाशावर वर्तनोपचाराचा उपाय आज उपलब्ध आहे. मात्र ड्यूटीचे वेळापत्रक आहे तसेच ठेवून केवळ शिपायालाच झोपेची शिस्त शिकवायची ठरवली, तर दोष यंत्रणेचा आणि पथ्य कर्मचाऱ्याला, असा प्रकार होईल.

मे महिन्याच्या अखेरीस अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या मोटारींच्या रांगा मध्यरात्र उलटली तरी घाटरस्त्यावर असतात. या गर्दीचा बंदोबस्त राजूर पोलीस ठाण्याकडे असतो. काजवे विझतात तोच रंधा धबधबा, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाकडे पावसाळी पर्यटकांची रीघ लागते आणि वर्षाच्या शेवटी ३१ डिसेंबर येतो. तपास, समन्स, न्यायालयाच्या तारखा आणि बीटवरील तक्रारी हे नित्याचे काम वेगळेच. पर्यटक दुसऱ्या दिवशी घरी जाऊन झोप भरून काढतो. बंदोबस्तावरच्या शिपायाला तेवढी खात्री नसते.

१९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम २८ नुसार पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. ही तरतूद जबाबदारीविषयीची आहे, जागरणाविषयीची नव्हे. व्यवहारात मात्र तिचा अर्थ कोणत्याही क्षणी हजर राहणे असाच होत आला आहे. पोलीस संशोधन व विकास विभागासाठी २०१४ मध्ये झालेल्या देशव्यापी अभ्यासात ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करीत असल्याचे दिसले. 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' या संस्थांच्या २०१९च्या अहवालाने पोलिसांचा सरासरी कामाचा दिवस १४ तासांचा असल्याचे नोंदवले.

याचा परिणाम कर्मचाऱ्याच्या प्रकृतीपुरता राहत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरल्याचे आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे नाकाबंदीत मद्यपी चालकाला अडवणारा, पण सकाळपासून जागा असलेला हवालदार स्वतः त्याच अवस्थेत सरकारी जीप चालवत असू शकतो. अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच हजार पोलिसांच्या २०११ मधील पाहणीत ४० टक्क्यांहून अधिक जणांमध्ये झोपेच्या किमान एका विकाराची लक्षणे आढळली. अशा पोलिसांकडून कामातील गंभीर चुका आणि नागरिकांवर अनावर राग काढण्याचे प्रकार अधिक घडल्याचेही त्या पाहणीत दिसले. ठाण्याची पायरी चढणाऱ्या फिर्यादीशी कोणत्या शब्दांत बोलले जाते, याचा संबंध आदल्या रात्रीच्या झोपेशीही असतो, हे यावरून लक्षात यावे.

उपचार कोणता?

दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम झोपेच्या गोळ्या नव्हे, तर विचार व वर्तन यांवर आधारित उपचार करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. साधारणतः सहा ते आठ बैठकींच्या या उपचारात झोपेची रोजची नोंदवही ठेवली जाते. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचे, अंथरुणात मोबाइल वा कामाच्या कटकटी आणायच्या नाहीत आणि रोज ठरलेल्या वेळी उठायचे, असे त्याचे नियम आहेत. 'आज झोपलो नाही तर उद्याचा दिवस गेलाच' यासारख्या धास्तीवरही काम केले जाते. अंथरूण म्हणजे तळमळ, हे मनाने पक्के केलेले समीकरण मोडणे हा त्याचा गाभा आहे.

अडचण इथेच येते. ठरलेल्या वेळी उठा, असे ज्याला सांगायचे त्याची उद्याची ड्यूटी त्याला आज रात्री कळत असेल, तर तो नियम पाळणार कसा? अंथरुणावरील वेळ काही काळ मुद्दाम कमी करण्याची जी पद्धत या उपचारात आहे, तिने सुरुवातीला दिवसा गुंगी वाढते. वाहनचालक वा शस्त्रधारी कर्मचाऱ्यावर ती देखरेखीविना वापरणे धोक्याचे आहे. शिवाय घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे हा वेगळा आजार असून त्याची तपासणी आधी व्हावी लागते. पाळीत काम करणाऱ्यांबाबत या उपचाराचे निष्कर्षही इतरांइतके भक्कम नाहीत. म्हणून उपचार आणि वेळापत्रक यांची सांगड घालणे अपरिहार्य आहे.

काय करता येईल?

मे २०१६ मध्ये मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो एका पोलीस कर्मचाऱ्यानेच मांडलेल्या आराखड्यावर आधारित होता आणि पुढे शहरातील अन्य ठाण्यांतही नेण्यात आला. इच्छाशक्ती असेल तर बदल शक्य आहे, एवढे त्याने दाखवले. मात्र तीन पाळ्यांना माणसे लागतात. डोंगराळ हद्दीच्या आणि मोजक्या मनुष्यबळाच्या ग्रामीण ठाण्याला देवनारचा नमुना जसाच्या तसा लागू होणार नाही.

तरीही कमी खर्चाचे काही उपाय आहेत. हंगामी बंदोबस्त अचानक उगवत नाही. काजवे, श्रावण आणि वर्षअखेर यांच्या तारखा आधीच ठाऊक असतात. तेव्हा ड्यूटीचा तक्ता किमान आठवडाभर आधी लावता येईल. रात्रपाळीनंतर सलग विश्रांतीचे तास लेखी ठरवता येतील आणि त्या काळात हजेरीला बोलावणे टाळता येईल. रात्रभर जागलेल्या कर्मचाऱ्याला घाटातून दुचाकीवर एकटे परतू न देणे तर सहज शक्य आहे. उपचारासाठी शंभरहून अधिक किलोमीटरवरील जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची सक्ती नको. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. तिच्याशी जोडून दूरध्वनीवर मराठीतून बैठका घेता येतील. झोपेची तक्रार सेवापुस्तकात जाणार नाही, याची हमी मात्र वरिष्ठांनी आधी द्यायला हवी. 'झोप येत नाही' म्हणणारा शिपाई कामचुकार ठरणार असेल, तर कोणीही पुढे येणार नाही.

गावाने निर्धास्त झोपावे म्हणून कोणीतरी जागावे लागते, हे खरेच. पण जागणारा कोण आणि तो झोपणार केव्हा, याचा हिशेब ठेवणे ही शासनाची जबाबदारी आहे. ती कर्मचाऱ्याच्या सहनशक्तीवर सोपवून चालणार नाही.