हाड जुळले, पण ते मजबूत आहे का?

न्हाणीघरात पाय घसरतो, तोल सावरताना हात जमिनीवर टेकतो आणि मनगटाचे हाड मोडते. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा अपघात इतका परिचयाचा आहे, की प्लास्टर निघून हात चालू लागला म्हणजे घरातील सारे तो विसरून जातात. वाचकहो, विचार करावयास हवा तो येथेच.

हाड म्हणजे निर्जीव चौकट नव्हे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडत असतो. काही पेशी जुने हाड विरघळवतात, तर काही त्या जागी नवे रचतात. हाड मोडले की प्रथम रक्ताची गुठळी, मग कूर्चेसारखा मऊ जोड, पुढे कठीण हाड, अशा क्रमाने ते सांधले जाते. त्वचेच्या जखमेचा व्रण राहतो; हाड मात्र हाडानेच भरून येते. १९६५ मध्ये मार्शल उरिस्ट यांनी खनिजे काढलेल्या हाडाचे तुकडे प्राण्यांच्या स्नायूंत बसवले, तेव्हा तेथेही नवे हाड तयार झाले. हाडाच्या निर्मितीला चालना देणारी प्रथिने हाडातच असतात, हे या संशोधनातून पुढे स्पष्ट झाले. आज काही शस्त्रक्रियांत त्यांचा उपयोगही होतो.

परंतु जुळणे वेगळे आणि मजबूत असणे वेगळे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते; हाड झिजवणाऱ्या पेशींवरील अंकुश सैल होतो आणि झीज भरण्याच्या वेगापुढे जाते. विरळ झालेले हाडही जुळते. मात्र त्यामुळे खुब्यातील व मणक्यांतील विरळपणा नाहीसा होत नाही. म्हणून चालता-उभे असता केवळ पडल्याने हाड मोडणे, ही पुढील अस्थिभंगाची पूर्वसूचना समजावी. खुब्याचे हाड मोडले, तर हिंडते-फिरते माणूस परावलंबी होऊ शकते.

अशा वेळी डॉक्टरांना विचारून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते. ड जीवनसत्त्व व थायरॉइड यांच्या तपासण्याही डॉक्टर सुचवू शकतात. औषधांपैकी काही झीज रोखतात, काही नवे हाड घडवतात. डेनोसुमॅबचे सहामाही इंजेक्शन सुरू असेल, तर ते स्वतःहून थांबवू नये. अचानक थांबवल्यास झीज वेगाने परतते व मणके मोडण्याचा धोका वाढतो.

उरलेले काम घरचे आहे. प्रौढ व्यक्तीस रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दूध, दही, नाचणी व तीळ यांतून ते मिळते. नियमित चालणे आणि झेपेल इतका भार उचलण्याचा व्यायाम हाडांना बळ देतो. न्हाणीघरात आधाराची दांडी, रात्री पुरेसा उजेड आणि वेळच्या वेळी डोळ्यांची तपासणी, हेही उपचारच होत.

आपल्या घरातील कुणाचे मनगट अलीकडे मोडले असेल, तर प्लास्टर निघताना एवढेच विचारा, ‘डॉक्टर, हाडांची घनता तपासायची का?’